नवा प्रोसेसर येईपर्यंत थांब

बहिणीशी मी एक शब्दही खोटा बोललो नाही, हे आधीच सांगून टाकतो. एखाद्याचं वाटोळं करायचं तर थापा माराव्या लागतात, असा लोकांचा समज असतो. मला एकही मारावी लागली नाही. मी तिला नुसतं ‘थांब’ म्हणालो आणि ती थांबली.

हा शब्द माझ्या धंद्यातला. सोलापुरात नव्या पेठेत माझं छोटं दुकान आहे. तिथं मी कॉम्प्युटर जोडून देतो. शाळांचे, ऑफिसांचेही देतो, पण माझा जीव गेमिंगच्या मशीनमध्ये. या धंद्यात कायम काहीतरी नवं येऊ घातलेलं असतं. प्रोसेसरची एक पिढी बाजारात जरा रुळते न रुळते तोच पुढच्या पिढीच्या बातम्या फुटायला लागतात. कुठंतरी परदेशात कुणीतरी चोरून फोटो टाकतो, कुणी वेगाचे आकडे टाकतो, कंपनी चार दिवस गप्प बसते आणि पाचव्या दिवशी काहीतरी सूचक बोलते. मी हे सगळं सकाळी चहाबरोबर वाचून काढायचो. मग दुकानात गिऱ्हाईक आलं, त्यानं वस्तू पसंत केली, की मी हात वर करायचो. ‘थांबा. नवीन येतंय.’

त्या वाक्यात काय सुख असतं ते सांगून कळणार नाही. डॉक्टर, कारखानदार, कॉलेजातले प्राध्यापक, भली भली माणसं हातात घेतलेला खोका मुकाट्यानं खाली ठेवायची. थोडा धंदा बुडायचा, पण माझा शब्द वाढायचा. ‘त्याला विचारल्याशिवाय काही घेऊ नका,’ असं लोक एकमेकांना सांगायचे. शाळेत मी कुणी नव्हतो. गल्लीतही कुणी नव्हतो. काउंटरच्या मागं उभं राहून लोकांना थांबवताना मात्र मी कुणीतरी असायचो.

घरात माझ्या या रुबाबाला भीक न घालणारं एकच माणूस होतं, माझी बहीण. माझ्याहून सहा वर्षांनी धाकटी.

आमचं घर विणकरांचं. पुढं दोन खोल्या, मागं पत्र्याच्या शेडमध्ये चार माग. वडील गेल्यापासून टॉवेलांचा तो पसारा आमची अम्मा सांभाळते. अम्माशी आम्ही तेलुगू बोलतो, आपसात मराठी बोलतो, आणि गेम खेळताना शिव्या हिंदीतून देतो. आमचे माग जुने आहेत. तार तुटली तर ते आपोआप थांबत नाहीत. तार म्हणजे उभा धागा. तुटलेली तार कुणाच्या लक्षात आली नाही तर कापडावर शेवटपर्यंत रेघ पडत जाते आणि तो टॉवेल कुणी घेत नाही. म्हणून शेडमध्ये एक रीत आहे. तुटलेली तार ज्याला दिसेल त्यानं ‘आगु’ म्हणून ओरडायचं. आगु म्हणजे तेलुगूत थांब. माग कुणाचा का असेना. ज्याला दिसलं तो कामगार असो, पाहुणा असो, दूध घालायला आलेला गवळी असो, त्यानं ओरडायचं. दिसूनही गप्प बसणाऱ्याला आमच्या घरात माफी नव्हती. वडिलांनी मला आयुष्यात एकदाच मारलं, ते त्यासाठी.

बहीण शाळेत होती तेव्हापासून शेडमध्ये कांड्या भरायला बसायची. समोर कांडी गरगर फिरत असायची, तिच्यावर सूत चढत असायचं, तिचे डोळे तिथं असायचे. आणि तरी पलीकडच्या मागावरची तुटलेली तार सगळ्यांच्या आधी तिला दिसायची. मान न वळवता ओरडायची. अम्मा म्हणायची, हिला कानाच्या मागंही डोळे आहेत.

ते डोळे घेऊन ती एक दिवस माझ्या टाकून दिलेल्या मशीनवर खेळायला बसली. पाच जणांविरुद्ध पाच जण, असा गोळीबाराचा खेळ. मी तो कॉलेजपासून खेळत होतो आणि एका पायरीवर कधीचा अडकून बसलो होतो. दुकानात मात्र त्यावर व्याख्यानं द्यायचो. तिनं मला वर्षाच्या आत मागं टाकलं. स्क्रीनच्या कडेला चार ठिपके हलले की तिचा हात वळलेला असायचा. माझ्या ते लक्षात येईपर्यंत मी मेलेला असायचो.

ती माझ्या वर गेली त्या दिवशी मी दुकानातून येताना पेढे आणले. ‘शाब्बास,’ म्हणालो. ती अम्माला पेढा भरवत होती आणि मी त्या उजव्या हाताकडं बघत होतो. मला वाटलं, हिचा हा हात मोडावा. असंच वाटलं, याच शब्दांत. मग मीही एक पेढा खाल्ला.

त्यानंतर काही महिन्यांनी पुण्याच्या एका टीमला ती दिसली. सगळ्या मुलींची टीम होती. चौघी होत्या, पाचवी जागा रिकामी होती. त्यांच्या कॅप्टननं हिला रोज संध्याकाळी सरावाला घ्यायला सुरुवात केली. खंडेनवमीच्या संध्याकाळी शेवटचा सामना आणि मग निर्णय, असं ठरलं. निवड झाली तर पुण्याला जायचं, टीमबरोबर राहायचं, खेळायचं. त्याच वर्षी अम्मानं तिच्यासाठी स्थळं बघायला काढली होती. पोरीनं हातापाया पडून दिवाळीपर्यंतची सवलत मागून घेतली होती. कांड्या आणि लग्न यांच्याखेरीज तिसरं काही आयुष्य असेल तर ते तिच्या दृष्टीनं त्या पाचव्या खुर्चीत होतं. तिला दुसरं काही नको होतं.

अडचण एकच होती, मशीन. खेळात कुणी धुराचा बाँब टाकला, सगळ्यांनी एकदम गोळ्या झाडल्या, की तिचा जुना प्रोसेसर धापा टाकायला लागायचा. चित्र क्षणभर अडकायचं. पापणी लवेपर्यंतच, पण तेवढ्यात ती मरायची. कॅप्टन चांगली मुलगी होती, स्पष्ट बोलायची. ‘तू छान खेळतेस गं. पण मशीन बदल. मशीनमुळं मरणारी मुलगी मी घेऊ कशी?’

दुसऱ्या दिवशी बहीण दुकानात आली. कांड्यांची कमाई तिनं साठवून ठेवलेली होती. काचेमागच्या एका खोक्यावर बोट ठेवून म्हणाली, ‘अन्ना, हा बसवून दे की मला.’

तिचं बोट अगदी बरोबर पडलं होतं. तो प्रोसेसर तिच्या घरच्या जुन्या मदरबोर्डावर चालणारा शेवटचा आणि सगळ्यांत दणकट. बोर्डाचं सॉफ्टवेअर अपडेट करायचं, पंखा काढायचा, जुना प्रोसेसर उचलायचा, हा ठेवायचा, वर उष्णता ओढणारं मलम लावायचं, पंखा परत बसवायचा. तासाभराचं काम. बाकी काहीही बदलायला लागलं नसतं. हे मला पाढ्यासारखं पाठ होतं.

मी हात वर केला. ‘थांब.’

‘का?’

‘नवी पिढी यायलीय. खास गेमिंगसाठी काढलीय. बोर्ड नवा, रॅम नवी, सगळंच नवं. ह्याच्यापेक्षा लई पुढं आहे ते. आज हा घेतलास तर दोन महिन्यांनी रडत बसशील.’

‘खंडेनवमीच्या आत येईल?’

‘येईल की.’

यातलं एक अक्षर खोटं नाही. नवी पिढी येणार होती, पुढचीच होती, आणि खंडेनवमीच्या आत आलीसुद्धा. हा समोरचा प्रोसेसर माझ्या बोर्डावर बसतो का, एवढं तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं पुढं कितीतरी दिवस मी मनाशी म्हणत होतो. तिनं खोका फ्रॉकच्या... नाही, ओढणीच्या टोकानं पुसला आणि होता तिथं ठेवला. मला ती फ्रॉकमधलीच आठवते, हा माझा दोष.

मग दोन महिने आम्ही दोघांनी वाट बघितली. तिनं प्रोसेसरची आणि मी तिच्या हरण्याची. सकाळी चहाला ती माझ्याशेजारी बसून फोनवरच्या बातम्या वाचायची. ह्याची कॅश मेमरी मोठी आहे, हा कमी तापतो, हा अमुक गेममध्ये तमुक इतका पळतो. मी तिला अवघड शब्द समजावून सांगायचो. भाऊ-बहीण किती गुण्यागोविंदानं बसलेत म्हणून अम्मा सुखावायची. तिच्या कानावर सारखं ‘नवी पिढी येणार, नवी पिढी येणार’ पडत होतं. एकदा वैतागून म्हणाली, ‘तू लग्नाला नको म्हणतोस, मग नवी पिढी येणार कुठनं?’ आम्ही दोघं पोट धरून हसलो. बहीण माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती.

संध्याकाळी तिचा सराव सुरू झाला की मी चहाचा कप घेऊन तिच्या खुर्चीमागं उभा राहायचो. धूर व्हायचा, चित्र अडकायचं, ती मरायची. स्पीकरमधून कॅप्टनचा आवाज यायचा. आधी ‘अरेरे’ म्हणायची, मग ‘मशीनचं काय झालं?’ विचारायची, मग काहीच बोलेनाशी झाली. बहीण माझ्याकडं वळून बघायची. मी म्हणायचो, ‘थोडंच राहिलंय, थांब.’ मला मजा येत होती. हे लिहायला बरं वाटत नाही, पण मजाच येत होती.

नवा प्रोसेसर मुंबईत आला, पुण्यात आला. पुण्याच्या डीलरचा फोन आला. ‘आज ट्रॅव्हल्सच्या गाडीत टाकू का? उद्या सकाळी हातात मिळेल.’

मी म्हणालो, ‘कुरिअरनं पाठवा. घाई नाही.’

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, दुकान बंद करता करता, पार्सल आलं. प्रोसेसर आणि बोर्ड, दोन खोके; रॅम मी आधीच आणून ठेवली होती. घरी नेले तर बहिणीनं ते दारातच माझ्या हातातून घेतले. तिला लगेच जोडायला बसायचं होतं. अम्मा मध्ये पडली. उद्या हत्यारांची पूजा, आणि नवं हत्यार पूजेआधी चालवायचं नसतं. बहिणीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, ‘अम्मा म्हणते ते बरोबर आहे. एक दिवस थांब. सकाळी पूजा झाली की जोडू, संध्याकाळचा सामना त्याच्यावरच खेळ.’ तिनं मान डोलावली. दोन्ही खोके तिनं उशाशी घेतले.

खंडेनवमीला आमच्या गल्लीत एक माग चालत नाही. आवाज नसला की घर परक्याचं वाटतं. अम्मानं पहाटे शेड धुऊन काढली, माग पुसले, पुढच्या खोलीत पाट मांडला. पाटावर धोटा, कात्री, पान्हे, सूत ओढायचा हूक, भरलेल्या कांड्या. मला म्हणाली, ‘तुमचं ते यंत्र पण हत्यारच की. ठेवू ना इथं?’

‘ठेव की,’ मी म्हणालो. खोका उघडू नको, एवढं पुढं म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. त्या वेळी मुद्दाम नाही. त्या वेळी खरंच सुचलं नाही.

बहीण झेंडूची फुलं आणायला गेली. मी अंघोळीला गेलो. अंघोळ झाल्यावर कोरडं बनियन न्यायचं राहिलं म्हणून कमरेला टॉवेल गुंडाळून, तसाच निथळत, पुढच्या खोलीच्या दारापर्यंत आलो. अम्मा पाठमोरी बसली होती. दोन्ही खोके उघडे होते.

नुसत्या पुठ्ठ्याची पूजा करून कसं चालेल, असं तिला वाटलं असणार. प्रोसेसर तिनं बाहेर काढला होता. त्याला दोन बाजू असतात. एक साधी, राखाडी पत्र्याची, अक्षरं छापलेली. दुसरीवर सोनेरी ठिपक्यांच्या ओळीच ओळी. दाखवायची बाजू कोणती, याचा निर्णय माझ्या आईनं बरोबर तिच्या अकलेनं केला. जिथं सोनं ते तोंड. सोनेरी बाजू वर करून तिनं प्रोसेसर पाटावर ठेवला होता, करंगळीशेजारच्या बोटानं ओली हळद लावली होती, कुंकू लावलं होतं. छान गोल, मध्यभागी.

मग तिनं बोर्ड पुढं ओढला. त्याच्या मध्यावर प्रोसेसर बसतो त्या चौकोनावर प्लॅस्टिकचं काळं झाकण असतं. देवावरचं झाकण काढूनच पूजा करतात. तिनं काढलं. खाली केसांसारख्या बारीक सुया, ओळीत उभ्या, थेट मागाच्या फणीसारख्या. बघून तिला ओळखीचं वाटलं असेल. तिनं चिमटीत अक्षता घेतल्या.

सोनं पुसता येतं, हे मला माहीत होतं. सुया एकदा वाकल्या की संपलं, हेही माहीत होतं. तिचा हात हवेत होता. मी एक शब्द बोलायचा होता. तो शब्द मी आयुष्यभर फुकट वाटत आलो होतो. दुकानात येईल त्याला दिला, बहिणीला दोन महिने रोज दिला, घरात तर त्यासाठी मार खाल्ला होता. तोंडापर्यंत आला आणि मी तो गिळला. डोक्यावरचं पाणी टपटप पायांशी गळत होतं. अम्मानं अक्षता सुयांवर टाकल्या, पडून जाऊ नयेत म्हणून बोटानं हलक्या दाबल्या, डोळे मिटले आणि हात जोडले. लेकीचं चांगलं होऊ दे, म्हणाली असेल. दुसरं काय म्हणणार होती.

मी आवाज न करता मागं वळलो. न्हाणीघरात जाऊन आणखी दोन तांबे अंगावर ओतले, आवाज व्हावा म्हणून.

कपडे घालून बाहेर आलो आणि बहीण काही बघायच्या आत मी अम्मावर तुटून पडलो. ‘काय केलंस हे, अडाणी बाई!’ आईला मी असं कधी बोललो नव्हतो. वडीलही तिला असं कधी बोलले नव्हते. ती कुंकवाची वाटी हातात धरून नुसतं ‘काय चुकलं? काय चुकलं?’ करत राहिली. मी तिला सविस्तर सांगितलं. ही सुई कशासाठी, ती सुई कशासाठी, एक वाकली तर काय होतं. समजावून सांगण्यात मी पटाईत. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला, तरी मी थांबलो नाही. शेवटी ती घाबरून पुढं वाकली आणि पदरानं अक्षता पुसायला लागली. पदराचं सूत सुयांत अडकलं.

‘आगु!’

बहीण उंबऱ्यात उभी होती. फुलं खाली पडली होती. तिला दिसलं त्याच क्षणी ती ओरडली होती. तोवर आणखी दोन ओळी आडव्या झाल्या होत्या.

ती अम्माला काही म्हणाली नाही. तिच्या हातातून पदर सोडवून घेतला, अक्षतांचा एकेक दाणा हूकनं उचलला, मग शिवायची सुई घेऊन खिडकीशी बसली. वाकलेल्या सुया एकेक करून उभ्या करायला लागली. जेवली नाही. सोन्यावरची हळद तिनं आधीच स्पिरिटनं लख्ख केली होती. तिचे ते डोळे आणि ती बोटं, मला वाटतं, शंभरातल्या नव्व्याण्णव सुया तिनं उभ्या केल्या असतील. दोन तुटून हातात आल्या.

नव्या पेठेतलं दुकान घरापासून दहा मिनिटांवर आहे. काचेमागचा खोका तिथंच होता. दुपारी चार वाजतासुद्धा वेळ गेलेली नव्हती. जाऊन आणला असता, जुन्या बोर्डावर बसवला असता, सहाला ती खेळायला बसली असती. मी हे तिच्या वाकलेल्या मानेकडं बघत बघत मनात दोनदा नीट जुळवून पाहिलं. तिला चहा करून दिला.

संध्याकाळी ती जुन्या मशीनवर खेळली. सुरुवातीला बरी खेळली. मग धूर झाला. सामना संपल्यावर कॅप्टन म्हणाली, ‘ठीक आहे गं, कळवते.’ आठवड्यानं कळलं की पाचवी जागा नाशिकच्या मुलीला दिली. बहिणीनं हेडफोन गुंडाळून कपाटात ठेवला. अम्मा दाराबाहेर उभी होती. आत आलीच नाही.

नंतर डीलरकडून दुसरा बोर्ड आला. मी म्हणालो, ‘जोडून देऊ?’ बहीण म्हणाली, ‘तूच वापर.’ मी वापरायला लागलो. काय मशीन होतं! धूर होऊ दे, आग लागू दे, चित्र तेलासारखं वाहायचं. दोन महिने ज्याचे आकडे तोंडपाठ केले तो माझ्या टेबलाखाली गार बसून पळत होता. मी त्याच पायरीवर होतो. कॉलेजपासून होतो तिथंच.

बहीण परत कांड्या भरायला लागली. अम्मानं स्थळांचा विषय काढायचं मात्र बंद केलं. त्या पोरीसमोर तिची नजर वर होत नव्हती. देवाला कुंकू लावतानाही आता ती एकदा विचारते, हितं लावू ना, चालतंय ना. सत्तावन्न वर्षांची बाई, गणपतीच्या कपाळाला कुंकू लावताना विचारते.

मी मालाला पुण्याला गेलो की बहीण दुकान सांभाळायची. उन्हाळ्यात एकदा मी नसताना मोहोळचे एक शिक्षक आले. त्यांना आधी मीच एक प्रोसेसर बसवून दिला होता, काचेमागचा तो. ते कौतुकानं सांगायला लागले, ‘तुमच्या दादांनी जुन्या बोर्डावरच बसवला की हो. तासाभरात. लई झ्याक चालतंय.’ बोर्ड कोणता, ते तिनं विचारून घेतलं. तिच्याकडं होता तोच.

त्या संध्याकाळी मी खेळत होतो. ती कप घेऊन माझ्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती. धूर झाला, कडेला चार ठिपके हलले, मला दिसले नाहीत, मी मेलो. परत सुरू केलं, परत मेलो.

‘लई स्मूथ मरायलास की आता, अन्ना,’ ती म्हणाली.

मी हसायचा प्रयत्न केला.

‘मोहोळचे सर आलते.’ तिनं कप टेबलावर ठेवला. ‘तो बसत होता माझ्या बोर्डावर.’

‘तू विचारलं नाहीस.’

‘व्हय. न्हाय विचारलं.’ मग म्हणाली, ‘त्या दिवशी फुलं घेऊन आले तेव्हा फरशीवर तुझे ओले पाय उमटलेले होते. न्हाणीपासून दारापर्यंत आलेले आणि दारातनं परत गेलेले. दारात तर तळं साचलं होतं. किती वेळ उभा होतास?’

कॉम्प्युटरचा पंखासुद्धा ऐकू येत नव्हता, इतका चांगला प्रोसेसर.

‘मला काय नको तुझं,’ ती म्हणाली. ‘तेवढं अम्माला सांग. तिच्या हातनं झालं न्हाय म्हणून सांग. एकदाच.’

‘सांगतो,’ मी म्हणालो.

उन्हाळा गेला, गणपती झाले. तिनं परत विचारलं नाही, फक्त जेवताना अम्मा काही बोलली की माझ्याकडं बघायची. आज खंडेनवमी. माग बंद आहेत. पाटावर धोटा आहे, कात्री आहे, पान्हे आहेत. अम्मा कुंकवाचं ताट घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी आली आणि उंबऱ्याच्या बाहेरच थांबली, त्या दिवशी मी थांबलो होतो तशी. आत कॉम्प्युटरकडं बघून म्हणाली, ‘ह्याला मी लांबनंच हात जोडते. चालेल ना रे?’

बहीण तिच्या मागं फुलांची परडी घेऊन उभी होती. ती अम्माकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. मान न वळवता तिला सगळं दिसतं.

‘अन्ना,’ ती म्हणाली. ‘सांग की.’

‘सांगतो गं,’ मी म्हणालो. ‘पूजा होऊ दे आधी. थांब जरा.’